पिकअप कुणाचा भारी?

मराठीत अ‍ॅक्सिलरेशनला ‘त्वरण’ असा शब्द आहे. तो शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात राहतो, परीक्षेच्या आदल्या रात्री बाहेर येतो आणि पेपर झाला की परत आत जातो. गिरगावपासून दादरपर्यंत रस्त्यावर चालतो तो शब्द ‘पिकअप’. सिग्नलवरून गाडी किती झटक्यात सुटते, डबलसीट असताना पुलाच्या चढावर दम टाकते का, बेस्टची बस हलायच्या आत तिच्या पुढून निघता येतं का, हे सगळं त्या एका शब्दात येतं. टॉप स्पीड आमच्याकडे फारसं कुणी विचारत नाही. तो लावायचा कुठे?

या शब्दावरून आमच्या भागात एक भांडण गेली काही वर्षं चालू आहे. एका बाजूला साठी-सत्तरीतले काका लोक. त्यांच्याकडे कधीकाळी बुलेट, जावा किंवा येझदी होती, किंवा निदान मित्राकडे होती आणि हे मागे बसत. त्यांचं पालुपद ठरलेलं, “अरे, आमच्या वेळच्या गाड्यांना पिकअप होता. ह्या तुमच्या नुसत्या दिसायला.” दुसऱ्या बाजूला पंचविशीतली पोरं. यांनी हप्त्यावर क्लासिक ३५० नाहीतर नवी जावा घेतलेली. “काका, तुम्ही किक मारत बसाल तोपर्यंत आम्ही माहीमला पोचू.” मी वयाने या दोघांच्या मधला. दोन्हीकडच्या गाड्या थोड्याफार चालवलेल्या. म्हणून एकदा कागद-पेन घेऊन बसलो. निघालेले आकडे दोन्ही बाजूंना आवडले नाहीत, पण या शहराबद्दल त्यातून बरंच काही कळतं.

हिशोब अगदी साधा आहे. गाडीचा पिकअप मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो. इंजिन किती ताकद देतं आणि त्या ताकदीला किती वजन ढकलायचं आहे. म्हणून गाडीचं वजन घ्यायचं, त्यात चालवणाऱ्याचे ७० किलो मिळवायचे आणि दर हजार किलोमागे किती अश्वशक्ती येते ते काढायचं. गिअर, टायर, क्लच हे सगळं यात नाही, त्याबद्दल पुढे बोलूच. पण तुलना सुरू करायला हा तराजू पुरेसा आहे.

आधी बुलेट. १९५५ साली इंग्लंडमधल्या रेडिचची रॉयल एनफिल्ड आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून एनफिल्ड इंडिया काढली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला गाड्या बनू लागल्या. पहिलं मोठं गिऱ्हाईक भारतीय सैन्य. इंजिन ३४६ सीसीचं, पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर आणि त्याची वरखाली धाव ९० मिलिमीटर. लांब धाव आणि जड फ्लायव्हील, म्हणूनच तो ‘डुग डुग डुग’ आवाज. ताकद सुमारे १८ अश्वशक्ती, तीही इंजिन मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांच्या पुढे गेल्यावर. वजन साधारण १६५ किलो. तराजूत टाकलं तर हजार किलोमागे ७७ अश्वशक्ती.

आता २०२१ सालची नवीन क्लासिक ३५०. हिचं इंजिन पूर्णपणे नवं, ३४९ सीसीचं. पिस्टनचा व्यास ७२ आणि धाव ८५.८ मिलिमीटर. फ्युएल इंजेक्शन, आतली थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट, पाच गिअर. ताकद २०.२ अश्वशक्ती. म्हणजे वाढली. पण वजन? १९५ किलो. हजार किलोमागे ७६.

परत वाचा. ७७ आणि ७६.

साठ-पासष्ट वर्षांत ताकदीत दोन घोडे वाढले आणि वजनात तीस किलो. ते तीस किलो उगाच आलेले नाहीत. सेल्फ स्टार्टची मोटर आली, तिच्यासाठी मोठी बॅटरी आली, डिस्क ब्रेक आले, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, फ्रेम जाड झाली, टायर रुंद झाले, एबीएस आलं. यातली एकही गोष्ट मला परत द्यायची नाही. पण तराजूला त्याचं काही नसतं. तो फक्त वजन बघतो.

मजा पुढे आहे. १९७८च्या सुमारास आलेली येझदी रोडकिंग घ्या. अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक, १६ अश्वशक्ती, वजन १४० किलोच्या आसपास. उत्तर पुन्हा ७६! तीन वेगळ्या काळातल्या, वेगळ्या जातीच्या गाड्या आणि तराजूचा काटा एकाच जागी. हा योगायोग आहे, त्यात कसलाही नियम शोधू नका. पण काका आणि पुतण्या ज्यावरून भांडतात तो फरक कागदावर जवळजवळ शून्य आहे, एवढं नक्की.

येझदीचा विषय निघाला आहे तर थोडं थांबतो, कारण ती मुंबईची गोष्ट आहे. जावा ही मूळ चेक गाडी. यानेचेक हे मालकाचं नाव आणि वाँडरर ही जर्मन कंपनी, या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून १९२९ साली ‘जावा’ झालं. भारतात ती आणली मुंबईच्या रुस्तम इराणींनी. पन्नासच्या दशकात ते तयार गाड्या आयात करत. पुढे आयातीवर बंधनं आली तेव्हा फारुख इराणींबरोबर त्यांनी आयडियल जावा ही कंपनी काढली आणि म्हैसूरच्या महाराजांच्या पाठबळावर म्हैसूरला कारखाना उभा केला. १९६१पासून तिथून जावा बाहेर पडू लागल्या. १९७३पासून टाकीवर नाव आलं ‘येझदी’. इराणमधल्या यझ्द शहराची आठवण देणारं नाव. ग्रँट रोड स्टेशनबाहेरच्या बी. मेरवानमध्ये मावा केक खाल्लेल्या कुणालाही ते परकं वाटणार नाही. मुंबईच्या इराणी हॉटेलवाल्यांतल्या कितीतरी घराण्यांचं मूळ यझ्द आणि त्याच्या आसपासच्या गावांत आहे.

या गाडीची गंमत तिच्या किकमध्ये होती. किक आणि गिअर एकच दांडा. डावीकडे. आत दाबून वर फिरवला की किक, गाडी सुरू झाली की पुन्हा खाली आणून गिअर. नवख्याला हे सांगितलं तर तो तुम्ही चेष्टा करताय असं समजायचा. शिवाय गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप सुटायचा, म्हणजे क्लच न धरताही गिअर पडायचा. आजच्या भाषेत हे ‘फीचर’ म्हणून जाहिरातीत आलं असतं. तेव्हा ते फक्त सोय म्हणून होतं.

टू-स्ट्रोकचं तत्त्व एका ओळीत सांगायचं तर असं: बुलेटसारखं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटतं, टू-स्ट्रोक प्रत्येक फेरीत पेटतं. त्यामुळे छोट्या, हलक्या इंजिनातून मोठी ताकद निघते. किंमत म्हणजे निळसर धूर, पेट्रोलचा खप आणि जुन्या जावा-येझदीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायची कटकट. पंपावर “ऑइल किती टाकू?” हा प्रश्न ऐकलेली पिढी आता पन्नाशीच्या पुढे गेली.

तर मग काका खोटं बोलतात का? तराजू म्हणतो, जुनी गाडी नव्या रेट्रोपेक्षा वेगवान नव्हती. पण हळूही नव्हती. आणि तरीही काकांच्या आठवणीत ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. याचं उत्तर मोटरसायकलमध्ये नाहीच. ते तिच्या शेजारी सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत आहे.

सत्तरच्या दशकातला डॉ. आंबेडकर रोड डोळ्यांपुढे आणा. भायखळ्याहून निघालात की चिंचपोकळी, लालबाग, भारतमाता, परळ, हिंदमाता, दादर टीटी. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. रस्ता दोन्ही बाजूंना गिरण्यांचा. पाळी सुटली की माणसांचा लोंढा रस्त्यावर. या रस्त्यावर बुलेटच्या शेजारी कोण उभं असायचं? बेस्टची डबलडेकर, हातगाडी, एखादी अँबेसेडर आणि काळी-पिवळी फियाट.

त्या फियाटलाच तराजूत घालू. पुढे तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायची. १०८९ सीसी, सुमारे ४० अश्वशक्ती, वजन ८९५ किलो. एकटा ड्रायव्हर धरला तर हजार किलोमागे ४१. मागे तीन प्रवासी आणि छतावर कोकणातून आलेला फणस असेल तर त्याहून खाली. म्हणजे बुलेटचे ७७ विरुद्ध टॅक्सीचे ४१. जवळजवळ दुप्पट! सिग्नल सुटला की बुलेटवाला टॅक्सीला मागे टाकून पुढच्या चौकात उभा. काकांनी जे अनुभवलं ते शंभर टक्के खरं होतं. त्यांच्या रस्त्यावर त्यांच्याहून जोरात सुटणारं जवळजवळ काही नव्हतं.

आता आजची मारुती स्विफ्ट घ्या. ओला-उबरवाल्यांपासून नवविवाहित जोडप्यापर्यंत सगळ्यांची गाडी. सुमारे ८० अश्वशक्ती, ९२० किलोच्या आसपास वजन. एकटा ड्रायव्हर धरून हजार किलोमागे ८१. आणि तिच्या शेजारी उभ्या क्लासिक ३५०चे ७६.

मोटरसायकल होती तिथेच राहिली. शेजारची गाडी दुप्पट ताकदवान झाली. काकांना पुतण्याच्या मागे बसून हिंदमाताच्या सिग्नलला जे जाणवतं ते हेच. साधी टॅक्सी आपल्या बरोबरीने सुटते, कधी पुढेही जाते. मग ते गाडीला शिव्या देतात. खरं तर त्यांनी टॅक्सीचं कौतुक करायला हवं. पद्मिनी तर आता उरलीच नाही. ताडदेव आरटीओत शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदवली गेली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. काकांच्या बुलेटला जोरदार दाखवणारा शेवटचा साक्षीदार गेला, असंही म्हणता येईल.

इथे एक आक्षेप येणार, मला माहीत आहे. “आणि आरएक्स हंड्रेड?”

यामाहा आरएक्स १००. १९८५च्या अखेरीस आली, १९९६मध्ये बंद झाली. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, वजन जेमतेम शंभर किलोच्या वर. आमच्या भागात या गाडीचं नाव आजही देव्हाऱ्यातल्या देवासारखं घेतात. तराजूत टाकली तर हजार किलोमागे ६४. म्हणजे बुलेटपेक्षा कमी! हा आकडा मी एका मेकॅनिकला सांगितला. परळच्या फूटपाथवर बसून तीस वर्षं त्याने या गाड्यांचे पिस्टन बदलले आहेत. त्याने माझ्याकडे फक्त बघितलं आणि पुन्हा पान्यात डोकं घातलं.

त्याचं बघणं बरोबर होतं, कारण तराजूत न येणाऱ्या गोष्टी इथे सुरू होतात. इंजिनाची कमाल ताकद किती, हा एक प्रश्न. ती ताकद तुमच्या मनगटापर्यंत किती लवकर येते, हा वेगळा प्रश्न. बुलेटचे १८ घोडे फार वरच्या मजल्यावर राहतात. साडेपाच हजार फेऱ्यांपर्यंत बुलेट खेचणारा माणूस मी रस्त्यावर पाहिलेला नाही. इतकी खेचली तर हातापायाला मुंग्या येतात आणि नट-बोल्ट सैल होतात. लोक ‘डुग डुग’वरच गिअर बदलतात. जड फ्लायव्हील सावकाश वेग घेतं. गिअरही जुन्या बुलेटला उजव्या पायात, वर एक आणि खाली तीन, आणि तो घाईने टाकलेला तिला आवडत नाही. थोडं थांबून, मान देऊन टाकावा लागतो. याउलट आरएक्सचं इंजिन ५० मिलिमीटर व्यास आणि ५० मिलिमीटर धाव असं आखूड, फिरणारे भाग हलके. रेस दिली की लगेच चढतं, आणि चढतं त्या जागीच सगळी ताकद आहे. पहिल्या चाळीस किलोमीटरच्या वेगापर्यंत, म्हणजे जिथे मुंबईचा अख्खा दिवस जातो तिथे, ती आपल्याकडचा प्रत्येक घोडा कामाला लावते. बुलेट निम्मे घोडे तबेल्यात ठेवूनच निघते.

अर्थात आरएक्सवर डबलसीट बसा आणि बघा. साठ किलोचा माणूस मागे आला की तिचे ६४चे ४७ होतात. बुलेटचे ७७चे ६१. हलक्या गाडीला मागचा माणूस जास्त जाणवतो. केम्प्स कॉर्नरचा पूल १९६५ला झाला, मुंबईतला पहिला उड्डाणपूल. त्याच्या चढावर डबलसीट आरएक्स आणि डबलसीट बुलेट यांच्यात बुलेट निवांत पुढे निघते, आवाजही न बदलता. संसारी माणूस बुलेट किंवा येझदी घ्यायचा आणि कॉलेजचा पोरगा आरएक्स, याचं एक कारण पैसा, दुसरं हे.

आणि एक गाडी अशी होती जिच्यापुढे हा सगळा वाद फिका पडतो. राजदूत ३५०. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५०वरून इथे बनवलेली, १९८३ ते १९८९च्या दरम्यान. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. जास्त ताकदीच्या आवृत्तीत ३०.५ अश्वशक्ती आणि वजन दीडशे किलोच्या आसपास. हजार किलोमागे १३९. शेजारी पद्मिनीचे ४१ होते हे विसरू नका. त्या काळच्या रस्त्यावर ही गाडी म्हणजे लोकलच्या रुळावर राजधानी. पेट्रोल प्यायची, स्पेअर पार्ट महाग, खप बेताचा. लोकांनी आरडीचा अर्थ ‘रॅपिड डेथ’ असा लावला होता. त्यात विनोद थोडा होता आणि माहिती जास्त. जपानी मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे आली तेव्हा पुढे ड्रम ब्रेक दिला गेला. ताकद जपानची ठेवली आणि ब्रेक स्वस्तातले.

पिकअपच्या गप्पांत ब्रेकचं नाव निघत नाही. आमच्या बाजूच्या चाळीतला एक मुलगा नव्वदीच्या दशकात, जुलै महिन्यात, आरएक्सवरून घरी येताना गेला. हेल्मेट नव्हतं. पुढची टॅक्सी थांबली, याने ब्रेक मारला, ओल्या रस्त्यावर चाक जाम झालं. तेव्हा मी शाळेत होतो. चाळीतल्या मोठ्या मुलांनी नंतर कित्येक दिवस त्या गाडीच्या पिकअपबद्दल बोलणं सोडलं होतं, मग हळूहळू पुन्हा सुरू झालं. भारतात १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१८पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या गाड्यांना एप्रिल २०१९पासून. चाक जाम होऊ नये एवढंच ते काम करतं. क्लासिकच्या वाढलेल्या तीस किलोंतले थोडे किलो या कामाचे आहेत. म्हणून त्या ७७ आणि ७६कडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो.

आता नव्या रेट्रोंकडे. नोव्हेंबर २०१८च्या एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. १४ तारखेला रॉयल एनफिल्डने ६५० सीसीची इंटरसेप्टर भारतात आणली. दुसऱ्याच दिवशी मुंबईत नवी जावा दाखवली गेली. जावा परत आणणाऱ्या क्लासिक लेजंड्स कंपनीत महिंद्रांबरोबर आहेत बोमन इराणी, रुस्तम इराणींचे चिरंजीव. मुंबईकर त्यांना ओळखतात ते रुस्तमजी या बिल्डर कंपनीमुळे. बापाने शहराला मोटरसायकल दिली, मुलाने टॉवर दिले आणि मग पुन्हा मोटरसायकल.

ही नवी जावा दिसायला जुनीसारखी. दोन सायलेन्सर, गोल दिवा, मरून टाकी. पण आत २९३ सीसीचं पाण्याने थंड होणारं फोर-स्ट्रोक इंजिन, २७ अश्वशक्ती, सहा गिअर, वजन १७० किलो. हजार किलोमागे ११२. जुन्या अडीचशेच्या जावाची ताकद १२ अश्वशक्ती होती. म्हणजे इथे नातवाने आजोबांना खरोखर मागे टाकलं आहे, आणि स्विफ्टलाही. तरी १९८३च्या राजदूत ३५०च्या ती मागेच आहे. इंटरसेप्टर मात्र ४७ अश्वशक्ती आणि २०२ किलो, म्हणजे १७३. राजदूतचा हिशोब तिने चुकता केला.

मग लोकांना पिकअप हवा असेल तर सगळे इंटरसेप्टर आणि जावाच का घेत नाहीत? ७६वाली क्लासिकच सगळीकडे का दिसते? एक कारण मनातलं आहे. बुलेटवाल्याला जोरात जायचंच नसतं, त्याला जाताना दिसायचं असतं. गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी आणि नथ घालून बुलेटवर बसलेल्या मुली पाहा. तासन्‌तास पहिल्या गिअरमध्ये, ढोलाच्या मागून, चालत्या माणसाच्या वेगाने. क्लच सांभाळून, पाय न टेकता इतकं सावकाश जड गाडी चालवणं हे पिकअपपेक्षा अवघड काम आहे, हवं तर करून बघा.

दुसरं कारण सरकारी आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्या करपद्धतीत ३५० सीसी ही लक्ष्मणरेषा आहे. आधी ३५०च्या वरच्या गाड्यांना २८ टक्के जीएसटीवर ३ टक्के सेस होता. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के आणि त्याच्या वर ४० टक्के. नव्या क्लासिकचं इंजिन ३४९ सीसीचं आहे ते या रेषेला चिकटून. १९५५ साली रेडिचहून आलेला एक आकडा आणि दिल्लीत ठरलेला दुसरा आकडा जुळले आणि बुलेट तिथेच थांबली. परदेशात असं झालं नाही. १९५९ची ट्रायम्फ बॉनव्हिल ४६ अश्वशक्तीची होती, आजची रेट्रो बॉनव्हिल टी१२० ८०च्या आसपास आहे. तिथे जुना चेहरा आणि नवं इंजिन. आपल्याकडे बहुतेक वेळा जुना चेहरा आणि जुनाच पिकअप, फक्त तो आता बटण दाबल्यावर मिळतो.

बटणाला मी कमी लेखत नाही. जुन्या बुलेटचा पिकअप मिळवायला आधी बुलेट सुरू व्हावी लागे. अ‍ॅमीटरचा काटा मधोमध येईपर्यंत किक हळूहळू दाबायची, डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन थोडा पुढे न्यायचा, मग अंगाचं वजन टाकून एकच किक. चुकलं की किक उलटी फिरून नडगीवर. पॉइंट उडाला, कार्बोरेटरमध्ये कचरा आला, पावसात प्लग भिजला की १८चे शून्य घोडे. हिंदमाताला कमरेइतकं पाणी भरलं की सायलेन्सरमधून पाणी आत जायचं, मग गाडी ढकलत दादर. ऑपेरा हाऊसजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून पॉइंट, कंडेन्सर, गॅस्केट आणून डिकीत ठेवणारी माणसं होती. कंपनीने छापलेले १८ घोडे हे नव्या इंजिनाचे, कारखान्यातल्या बाकावरचे. दोनदा बोअर मारलेल्या, टॅपेट वाजणाऱ्या, वीस वर्षं जुन्या बुलेटमध्ये त्यातले किती उरत हे तिच्या मेकॅनिकच्या हातावर होतं. आजच्या क्लासिकचे २० घोडे रोज सकाळी हजर असतात. हे हजर राहणं कुठल्याही ‘शून्य ते साठ’च्या आकड्यात धरलं जात नाही, आणि रोज कामावर जाणाऱ्याला त्याचंच मोल असतं.

दरम्यान शहराने जोरात जायचे रस्तेही बांधले. जेजे उड्डाणपूल २००२ला आला, २०१०पासून त्यावर दुचाकींना बंदी. वांद्रे-वरळी सी लिंक २००९ला, दुचाकी नाही. २०२४ला अटल सेतू आणि कोस्टल रोड, दुचाकी नाही. अपघातांचं कारण दिलं जातं आणि त्यात तथ्य आहे. पण परिणाम असा, की १३९वाली राजदूत असो, १७३वाली इंटरसेप्टर असो, तिला खालीच, सिग्नल ते सिग्नल जायचंय. मोहम्मद अली रोडवर पुलाच्या सावलीत उभं राहून वरून जाणाऱ्या स्विफ्टचा आवाज ऐकायचा.

आणि त्या सिग्नलवर आता नवाच प्रतिस्पर्धी आला आहे. इलेक्ट्रिक स्कूटर. एथर ४५०एक्सची कमाल ताकद ६.४ किलोवॅट, म्हणजे साडेआठ-नऊ अश्वशक्ती. तराजूत फक्त ४७. पण विजेच्या मोटरला गिअर नाही, फेऱ्या चढायची वाट बघणं नाही, पहिल्या क्षणापासून जोर पूर्ण. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे शून्य ते चाळीस ३.३ सेकंदांत. आरएक्सच्या बाबतीत जे झालं तेच इथे झालं, फक्त धूर आणि आवाज वजा करून. मागच्या महिन्यात परळच्या सिग्नलला मी क्लासिकवर होतो. माझ्या डावीकडे एक बाई होत्या, पायाशी भाजीची पिशवी, मागे शाळेच्या गणवेशातली मुलगी. दिवा हिरवा झाला. मी पहिला गिअर टाकून क्लच सोडेपर्यंत त्या भारतमाताच्या दिशेने निघूनही गेल्या होत्या.